पळीचा दांडा

७ जुलै

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद. पुढचं वाचून ते परत करायचे नाहीत.

भांडण कागदावर आणि जेवण एका पंगतीत, हा अप्पांनी आपल्याला लहानपणी घालून दिलेला नियम. तू बोलायला लागलास की मी मध्ये तोंड घालायचे आणि शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. म्हणून आज तुझ्याकडे पोटभर जेवले, तुझ्या बायकोच्या हाताचं कौतुक केलं, नगरपालिकेबद्दल चकार शब्द काढला नाही आणि निघताना हे पाकीट तुझ्या चपलेत सरकवलं.

आता ऐक. प्रभागांच्या नव्या रचनेचा कच्चा नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागलाय. चष्मा पुसून पुसून पाहिला. गाव वाढलं, माणसं वाढली, पण नगरसेवकसाहेबांचा, म्हणजे तुझा, प्रभाग जसाच्या तसा. हुबेहूब पळी! तुझ्या सायकलच्या दुकानाभोवतीची पेठ हे पळीचं तोंड. तिथून जेमतेम हातगाडी जाईल अशी गल्ली निघते, तो दांडा. आणि दांड्याच्या टोकाला अडकवल्यासारखी माझी इमारत.

हा दांडा रंगाऱ्यांच्या वस्तीत भाल्यासारखा घुसलाय. वस्तीचे तीन तुकडे, तीन प्रभागांत. एवढी माणसं, पण कुणाला निवडून आणण्याइतकी कुठेच नाहीत आणि कुणाला पाडण्याइतकीही नाहीत. ज्याला पाडता येत नाही त्याला कोण भितो? त्यांच्या नाल्यावरच्या पुलाचा कठडा तुटून किती काळ लोटला. तीन नगरसेवक एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यातलं एक बोट तुझं आहे, ढब्बू! परवा इस्त्रीवाली कपड्यांच्या गाठोड्यासकट त्या नाल्यात पडली. हात मोडला.

मी हरकत नोंदवणार आहे. वस्ती एका प्रभागात आणा, दांडा कापा.

लोभ आहेच. तो कुठल्या नकाशावर अवलंबून नाही.

ताई


१० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि. विनंती एकच, ती हरकत घेऊ नकोस.

तुझं पाकीट मी दुकानापर्यंत तुडवत नेलं. वाटलं, चपलेची शिलाई उसवली. पुढचं पत्र साखरेच्या डब्यात ठेवावंस, अशी तुझ्या भावजयीची सूचना आहे. मुंग्यांनी वाचलं तर वाचू दे, म्हणते.

दांडा का काढला हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुझ्यासाठी! पहिल्या निवडणुकीत मी एका मताने आलो होतो. तेव्हापासून मी एकेक मत बोटांवर मोजतो. पुढे तू पेठेतलं घर सोडून वस्तीपलीकडे राहायला गेलीस. मी नकाशा काढणाऱ्या साहेबांच्या हातापाया पडलो, म्हटलं काही करा, पण माझ्या बहिणीचं घर माझ्या प्रभागात ठेवा. सख्ख्या बहिणीचं मत दुसऱ्याला गेलं तर मी तोंड कुठे लपवू?

आता दांडा कापला तर प्रभागाला माणसं कमी पडून पेठ शेजारच्या प्रभागात विरघळेल आणि मी घरी बसेन. खरं सांगू? दुकानात आता माझ्या हाती कुणी पाना देत नाही. म्हणतात, मालक, तुम्ही बसा, चहा घ्या. मला दुसरं काही येत नाही ग.

आणि पुलाचं म्हणशील, तर मी स्वतः टेप घेऊन जाऊन आलो. माझ्या हद्दीतला कठडा शाबूत आहे. हाताने हलवून पाहिला.

सुनावणीत मला बोलावं लागणार. भाषण कोण लिहिणार? आजवर माझं प्रत्येक भाषण तू लिहिलंस. स्वच्छतागृहाच्या उद्घाटनाला तुझ्या शब्दांनी दोन माणसं रडली होती. मी लिहायला बसलो की ‘माननीय’च्या पुढे जात नाही. आणि आधी वाचून ठेवलं तर पोट दुखतं, म्हणून मी थेट उभा राहूनच वाचतो, हेही तुला ठाऊक. तेव्हा तुझ्याविरुद्धचं भाषण तूच लिही. तू न्यायाची माणूस आहेस, असं गावभर सांगत असतेस.

राग मानू नयेस. मानलास तर रविवारी जेवायला येऊन मानावास.

ढब्बू


१४ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद, आणि निर्लज्जपणाबद्दल शाबासकी.

लिहिलं. समोरच्याची बाजू मांडता येत नाही त्याने स्वतःची मांडू नये, असं मी जन्मभर व्यासपीठावरून ओरडत आले. भाषण डब्यात या पत्राखाली आहे, झटकून घे. तुझ्या तोंडी शोभेल असं, तुला ठाऊक असलेल्या गोष्टींतून आणि खाली सांगतेय त्या एका गोष्टीतून लिहिलंय. एकही खोटं वाक्य घातलं नाही. मग ते जिथे जाऊन पोचलं तिथे पोचलं.

अट एकच. या वेळी आधी वाच. पोट दुखलं तरी वाच. नाही पटलं तर फाडून टाक आणि मला दोन कडक पानं लिही.

आणि माझ्या मताचा तुझा मोठा गैरसमज आहे. तो मी मोडला नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मी तुला आयुष्यात एकदाच मत दिलं, पहिल्या निवडणुकीत. गटारं बांधीन म्हणून शपथ घेतली होतीस. त्यानंतर गटारं राहिली, आणि माझं मतही. म्हणजे ज्या मतासाठी तू वस्तीत भाला खुपसलास ते तुला कधी मिळालंच नाही!

माया तेवढी दर वेळी बिनविरोध दिली.

ताई


२२ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद.

काल, सुनावणीनंतरच्या पहिल्या रविवारी, तू दोनदा भात वाढून घेतलास आणि निघताना हातात पत्र मात्र ठेवलं नाहीस. घरी आल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तू उठलास, पाणी प्यालास, खिशातून कागद काढलास. पेठेचं कौतुक झालं, लोकांनी माना डोलावल्या. मग दांडा बहिणीसाठी काढला हे वाचलंस, लोक हसले. बहिणीने पहिल्या निवडणुकीनंतर मत दिलंच नाही हे वाचलंस, तेव्हा मागचे लोक बाकांवर उभे राहून मला शोधू लागले. मी पिशवीत तोंड घातलं. वाटलं, आता थांबशील. पण तू वाचत राहिलास. ‘माझ्या हद्दीतला कठडा शाबूत आहे, मी हलवून पाहिलाय, पण पडणाऱ्या बाईला हद्द दिसत नाही, म्हणून दांडा कापा.’ सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, हे हरकतीच्या बाजूने की विरोधात? तू म्हणालास, जिथे बसेल तिथे बसवा.

माझं भाषण पिशवीतच राहिलं. मला वाटलं होतं, तू आधी वाचशील, भडकशील, आपण रीतसर भांडू. तू नेहमीसारखा न वाचता उभा राहिलास आणि माझ्या हातून माझ्याच भावाची खुर्ची गेली. शिव्या लिही, पण काही तरी लिही.

वाट पाहणारी
ताई


५ ऑगस्ट

ती. तोफेस सा. न.

अंतिम नकाशा लागला. दांडा गेला, पेठ शेजारच्या प्रभागात विरघळली, वस्ती अखंड झाली, तुझी इमारत तिच्यात गेली. आता नीट जेव.

कारण मी भाषण वाचलं होतं. आदल्या संध्याकाळी, दुकानात, दोनदा. पोट व्हायचं तसं दुखलं. तुला उत्तर म्हणून स्वतः लिहायला बसलो. ‘माननीय’ लिहिलं आणि पुढे जे जे सुचलं ते सगळं माझ्या खुर्चीबद्दलच होतं. तेवढ्यात इस्त्रीवालीने माझा सदरा पाठवला. एका हाताने इस्त्री केलेला, कॉलर एका बाजूला चुरगळलेली. सुनावणीला तोच घालून आलो होतो. तू पिशवीत तोंड घातलं होतंस, तुला कुठून दिसणार!

ती या वेळी वस्तीतून निवडणुकीला उभी राहतेय. परवा विचारायला आली की माझी भाषणं कोण लिहितं. तुझा पत्ता दिला. आधी वाचून घे, असंही बजावलं.

एक राहिलं. तू मला एकदाच मत दिलंस, पहिल्या निवडणुकीत. मी आलो कितीने? एका मताने! म्हणजे हे सगळं सुरू तूच केलंस, ताई. संपवलं मात्र मी. तेवढं श्रेय माझ्याकडे राहू दे.

रविवारी लवकर ये. भांडण संपलं, तेव्हा बोलायला आता काहीच बंदी नाही, म्हणून काय बोलावं ते सुचत नाही. येताना लिहून आण.

तुझा, आता कुणाचाच नगरसेवक नसलेला
ढब्बू