मधली तीन बोटं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

परत ठिपके! उजव्या हाताची मधली तीन बोटं. अंगठा स्वच्छ, करंगळी स्वच्छ, डावा हात तर कोरा करकरीत. पण या तिघांखाली पिवळट ठिपक्यांची रांगोळी!

परीक्षा म्हटली तर पोरखेळ. हात धुवायचे, मग गाऊन, टोपी, चष्मा, मास्क, निर्जंतुक हातमोजे. स्वच्छ वाऱ्याच्या पेटीत हात घालून खोटं औषध भरायचं आणि शेवटी मोज्यातली बोटं जेलीच्या ताटलीवर टेकवायची. ताटली तीन दिवस उबेत. बोटांवर जंतू असले तर ठिपके उगवतात. आमचं किरणोत्सारी औषध थेट शिरेत जातं, त्याच दिवशी वापरावं लागतं, तपासत बसायला वेळ नसतो. म्हणून बोटांवर एकसुद्धा जंतू चालत नाही.

दुसऱ्यांदा नापास. आमच्या लॅबच्या प्रमुख मृणाली मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, तिसऱ्यांदाही उगवले तर मुंबईहून माणूस येईल आणि निशिगंधा, तू नुसतं रजिस्टर लिहिशील. आणि तिकडे बाबा! पेणच्या नव्या हॉस्पिटलात आपली पोर किरणोत्सारी औषधांची हॉट लॅब चालवणार म्हणून गावभर पेढे वाटून बसलेत.

४ फेब्रुवारी

हात धुतले. परत धुतले. आता कातडं निघायचं तेवढं बाकी आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सफाईच्या इंदुबाई निडीहून रोज गाडीने येतात. मी पेटीपाशी बसले की नेमकी तेव्हाच त्यांना खोलीची काच बाहेरून पुसायची असते! पुसतात कसल्या, बघतच राहतात. आज परत विचारलं, तुमचं हे चालू कधी होणार? या आठवड्यात तिसऱ्यांदा. काय सांगू? माझी तीन बोटं पास झाली की, असं? फणकारलेच मी. त्या बादली उचलून गेल्या. मग दिवसभर मलाच चुटपुट.

संध्याकाळी बाबांचा फोन. मी करते काय, ते त्यांना परत एकदा समजावलं. शिशाच्या जाड डब्यात औषध तयार करणारा जनरेटर असतो, त्यातून मिठाचं पाणी सोडलं की त्याबरोबर औषध बाहेर येतं, ते सहा तासांत निम्मं होतं. बाबांनी त्यातलं फक्त मीठ ऐकलं. "एवढी शिकलीस नि शेवटी मिठाचंच काम!" हसतच सुटले. चाळीस वर्षं मिठागरात गेलीत त्यांची. नापास झाल्याचं सांगायचं होतं. जीभ रेटली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तिसरी परीक्षा. तयारीला जात होते तर इंदुबाईंनी पॅसेजमध्ये गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आज तरी त्या पेटीच्या पाया पडू नको गो."

मी? पेटीच्या पाया? म्हणाल्या, रोज पडतेस. हात आत घालायच्या आधी कडेला बोटं लावतेस, मग कपाळाला. मॅडम घड्याळात बघून वेळ लिहितात ना, तेवढ्यात. त्यांना नाय दिसत, मला काचेतून दिसतं. मला रागच आला. एम.एस्सी. झालेय मी, मोजे घालून असला वेडेपणा करीन? काहीतरीच आपलं!

आत गेले. मॅडमनी वेळ लिहायला मान वळवली — आणि माझा हात निघाला! आपला आपण! कडेपासून चार बोटं अंतरावर धरला मी त्याला. टोपी आणि चष्म्याच्या मधे उघडं राहिलेलं माझं घामट कपाळ. मधली तीन बोटं. अगं बाई!

मास्कच्या आत हसू आवरेना. मॅडमनी विचारलं, काय झालं? म्हटलं, तीन दिवसांनी सांगते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एकही नाही!!! दहाच्या दहा!

मॅडमना सगळं खरंखरं सांगून टाकलं. वाटलं आता गेली नोकरी. तर त्या उठल्या आणि दाराबाहेरच्या कामाच्या यादीत पेनाने एक ओळ घातली. "नमस्कार — हातमोजे घालण्यापूर्वी." खाली सही आणि तारीख!

इंदुबाईंना सांगितलं तर इतक्या खूश, की पासच त्या झाल्यात जणू. माझा हात हातात घेऊन बोटं उलटीपालटी करून बघितली. त्यांची माफी मागितली परवाच्या फणकाऱ्याबद्दल. आईचे पोह्याचे पापड न्यायचे त्यांना.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी. सकाळी बाबांबरोबर मिठागरावर गेले. बाबा बांधाशी वाकले, मातीला बोटं लावली, कपाळाला लावली, मग आत पाय टाकला. बोलणं चालूच होतं त्यांचं, मधे थांबलेसुद्धा नाहीत. मी बांधावर बसून पोट धरून हसले. मग त्यांना सगळी हकिगत सांगितली, दोनदा नापास झाल्याचीसुद्धा. लाजले बिचारे. "माझ्यापायी नापास झालीस व्हय!" मी म्हटलं, बाबा, तुमच्यापायीच इथवर पोचले.

उद्यापासून शेवटची परीक्षा. औषधाऐवजी जंतूंना आवडणारा रस बाटल्यांत भरायचा आणि चौदा दिवस ठेवायचा. गढूळला की संपलं.

२४ फेब्रुवारी

अजून नितळ. दिवसातून सहा वेळा बघते. इंदुबाई सात वेळा.

३ मार्च, सोमवार

नितळ! सगळ्या बाटल्या! पुढच्या आठवड्यात जनरेटर येणार, खरे पेशंट येणार. मॅडमनी पाठीवर थाप मारली, त्यांच्याच हाताला लागेल अशी. उद्या पेढे मी वाटणार.

१० मार्च, सोमवार

पहिला खरा डोस. दाराबाहेर नमस्कार, मग मोजे. सिरिंजचं लेबल हातात आलं. इंदुबाई हिरामण भगत, निडी. वय ५४. हाडांचा स्कॅन.

जांभळी साडी नेसून बाकावर बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरची गाठ काढलीय छातीतली. दर डिसेंबरात मुंबईला तपासणी. यंदा थांबल्या होत्या, आमचं चालू होईस्तोवर. "माज्याच अंगात जायाचा व्हता ना गो. म्हनून बोटा बघत व्हते."

संध्याकाळी रिपोर्ट. हाडं स्वच्छ. कुठे काही नाही! त्या दाराशी, मी टेबलापाशी. इंजेक्शननंतर अंगातून किरण निघतात, आजचा दिवस जवळ जायचं नाही, नियम आहे. दोघींनी लांबूनच हात जोडले. मिठी उद्या मारीन.