होस्टाची निळाई

३ मार्च
पान उघडलं! ताटाएवढं, निळंहिरवं, द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक. मनकर्णाची खुर्ची ओढत ओसरीत नेली, तिला दाखवलं. ती नुसती बघत राहिली. दिवाळीच्या सुमारास झटका आला तेव्हापासून वाचा बंद आणि उजवा हात लुळा.

लेकीनं, रोहिणीनं, हा होस्टाचा कंद हिमाचलातून आणला तो आईसाठीच. तिच्याकडं गेलो होतो तेव्हा मनकर्णा म्हणाली होती, "येवढालं पान! ह्याच्यावर जेवायला वाढावं." झाडाला थंडी लागते म्हणे. आमच्या कडा गावात कुठली थंडी? दोन महिने फ्रीजमध्ये ठेवला, कोथिंबिरीशेजारी.

१२ मार्च
डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत हात आला तर आला. पुढं अवघड." पाचवा चालू आहे.

१९ मार्च
ऊन चढलं. कुंडी मनकर्णाच्या उजवीकडं सरकवली, माठाच्या गारव्याला.

२८ मार्च
निळाई जातेय. खालची पानं साधी हिरवी दिसतात. रोहिणीला फोटो पाठवला. म्हणाली, "आबा, निळं म्हणजे पानावरचं मेण असतं. कुणीतरी पुसतंय."

मनकर्णाचं सगळं करणाऱ्या छबुबाईला विचारलं. ती चिडली. "मी कावून पुसू? मला काय कामं न्हाईत?" विचारायला नको होतं. तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

४ एप्रिल
शेतातून दुपारीच आलो. मनकर्णाच्या मांडीवर तोंड पुसायचं फडकं — ओलं, मातीनं माखलेलं. म्हणजे हीच! उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ पानांवर बसते आणि धूळ तिला कधीच बघवली नाही. मी ओरडलो. आजारी बाईवर! कुंडी उचलून पायरीपाशी नेली. ती रडायला लागली. झाडासाठी रडते असं वाटलं. जेवण गेलं नाही.

५ एप्रिल
छबुबाई आल्या आल्या म्हणाली, "आबा, कुंडी कावून हलवली? मायचा उजवा हात रोज पानं पुसायलाय. दृष्ट लागंल म्हणून मी बोलले न्हाई."

कुंडी परत जागेवर ठेवली. फडकं मीच भिजवून दिलं. रोहिणीला कळवलं नाही. इथंही जास्त लिहीत नाही.