अक्काच्या खाटेपर्यंत गेलेली वायर

पिंप्राळा, गुरुवार, १९९३

देवळातल्या स्पीकरांसाठी मी बनवलेला क्लास-डी अँप्लिफायरचा सेट भजन सुरू झालं की दहा मिनिटांत बंद पडायचा. महिनाभर सर्किटच तपासत बसलो. आज सेटच्या मागे एका जादा स्पीकरची वायर सापडली. लोड वाढणारच! कोण्या गाढवाने जोडली, म्हणत पकडीने कापली. सेट तासभर ठणठणीत चालला.

मग कापलेली वायर दिसताच टाळ खाली ठेवून भजनी मंडळातले नाना म्हणाले, "भाऊ, ती वायर मीच जोडेल शे. अक्कानी खाटलगून जास."

धावत नानांच्या घरी गेलो. त्यांची मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली, उशाशी मुका स्पीकर.

"भजन इतलं लवकर सरनं का?" अक्कांनी विचारलं.

कापण्याआधी ती वायर कुठे जाते, एवढं विचारायला काय झालं होतं मला?

तिकडे देवळात सेट मात्र ठणठणीत चालूच होता.