नवाचा ताळा

प्रिय अहो,

कागदावर 'अहो' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. सेहेचाळीस वर्षं याच नावाने हाका मारल्या, आता पत्रातही दुसरं काही सुचेना. एका घरात राहणाऱ्याला कोण पत्र लिहितं? त्यामुळे हे माझं तुम्हाला पहिलंच.

उद्या सकाळी अश्विनी वह्या न्यायला येणार आहे, म्हणून आजच लिहायला बसले. येत्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तुमच्या कॉलेजात छोटा कार्यक्रम आहे. तुमची सिद्धता तिथे जाहीर करायची आणि मग अश्विनीने ती इंटरनेटवर चढवायची, म्हणजे जगभरचे गणिती वाचतील, असं ठरलंय. दाराशी तुमचा फोटो लावणार आहेत. निळ्या स्वेटरमधला, ज्यात तुम्ही फोटोग्राफरवर वैतागलेले दिसता तो.

आणि अहो, ती सिद्धता चुकलेली आहे. हे फक्त मला माहीत आहे. चूक माझ्या हातून झाली आहे. तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगायला हवं. खरं तर वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं.

सुरुवात माझ्या ट्रंकेपासून झाली, आठवतं? लग्नाला आठवडा झाला नव्हता. तुम्ही टेप घेऊन माझी माहेरची पत्र्याची ट्रंक मोजायला लागलात. मला वाटलं, कॉटखाली मावते का बघताय. किती बरं माणूस मिळालं, असं मनात म्हणतेय तोवर तुम्ही विचारलंत, "सुमन, इष्टिकाचिती म्हणजे काय माहीत आहे?"

शाळेच्या पुस्तकातला तो जिभेला गाठ मारणारा शब्द! साध्या खोक्याला एवढं मोठं नाव. तुम्ही समजावलंत: खोक्याची लांबी, रुंदी, उंची पूर्ण आकड्यांत हवी. प्रत्येक बाजूवर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ, म्हणजे कर्ण, तोही पूर्ण आकड्यात. आणि खोक्याच्या पोटातून, खालच्या कोपऱ्यातून वरच्या समोरच्या कोपऱ्यात जाणारा कर्णसुद्धा. असं खोकं असतं का? दोन-तीनशे वर्षं मोठमोठे लोक शोधताहेत, कोणाला सापडलं नाही, आणि ते नसतंच असंही कोणाला सिद्ध करता आलं नाही.

मी म्हटलं, "सुताराला सांगा, करून देईल."

तुम्ही हसला नाहीत. कागद घेऊन चव्वेचाळीस, एकशे सतरा आणि दोनशे चाळीसचं खोकं काढलंत. बाजूंवरचे तिन्ही कर्ण बरोबर आले, पोटातला तेवढा येईना. "बघ, एवढ्यासाठी अडलंय," म्हणालात. एवढ्यासाठी! आपला सगळा संसार त्या एवढ्यात गेला हो.

आपल्याला मूल झालं नाही. माझ्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका आडून आडून विचारायच्या, घरी कोण कोण? मी सांगायचे, आम्ही दोघं आणि एक खोकं. त्यांना वाटायचं, मी दुःख लपवतेय. थोडं लपवतही होते.

तुम्ही ठरवलंत की असं खोकं नसतंच, हे सिद्ध करायचं. सगळ्या शक्यतांचे एकशे चार खण पाडलेत आणि एकेक खण बंद करत निघालात. या खणात असं खोकं बसत नाही, खण बंद. पुढचा. गणित तुमचं, ताळा माझा. मी टेलिफोन एक्स्चेंजमधली, दिवसभर कानाने आकडे ऐकून हाताने लिहिणारी. नवाचा ताळा तुम्हीच शिकवलात: संख्येतले अंक मिळवायचे, नवाच्या वर गेले की नऊ टाकून द्यायचे, उरेल ते दोन्हीकडे जुळलं की ताळा जमला. भाजी निवडता निवडता जमायचा मला.

मी रिटायर झाले तो दिवस आठवतो? हातात गुच्छ, पिशवीत मैत्रिणींनी दिलेली साडी, स्वारगेटला बस बदलून मांजरीला, आपल्या घरी, येईपर्यंत गुच्छातल्या निम्म्या फुलांनी मान टाकलेली. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "आलीस? बरं झालं. सत्तावन्नावा खण बघून घे." मी गुच्छ बादलीत ठेवला आणि वही घेतली. तेव्हा काही बोलले नाही, आज बोलते. एक दिवस थांबलं असतं की ते खोकं! दोनशे वर्षं थांबलं होतं ना?

मग काचबिंदूने तुमची नजर नेली. शेवटची चार वर्षं तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं. गॅलरीत खुर्ची, समोर उरलासुरला ऊस, त्याच्या मागे नव्या इमारतींच्या क्रेन. तुम्ही डोळे मिटून आकडे सांगायचात, दोन दोन अंकांच्या जोड्यांनी. एवढे मोठे आकडे तुमच्या डोक्यात कुठे राहायचे, कोण जाणे. रेशनकार्ड कुठे ठेवलंय ते मात्र कधी राहिलं नाही.

मी एकदा म्हटलं होतं, "अहो, एक्स्चेंजमध्ये आम्ही एकेक अंक सांगायचो. पाच, तीन. तसं सांगा ना." काय रागावलात! त्याच सुमारास दुसरीच्या पुस्तकात 'त्रेपन्न'ऐवजी 'पन्नास तीन' आलं होतं. उलटा उच्चार मुलांना अवघड जातो, तोंडात आधी तीन येतो आणि लिहायचा मात्र पाच आधी, म्हणून. तुम्ही वर्तमानपत्राला पत्र पाठवलंत, तेही मलाच लिहायला लावलंत. "पन्नास तीन म्हणणाऱ्यांनी सासऱ्यांना सासू-रे म्हणावे." छापलं नाही त्यांनी. तुम्ही आठवडाभर धुमसत होतात. "त्रेपन्न म्हणायला जीभ झिजते का लोकांची?"

जीभ नाही झिजत हो. हात चुकतो.

एकाहत्तरावा खण. सकाळची वेळ, कुकर लावलेला. तुम्ही सांगत होतात, "सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकसष्ट." मी एका कानाने शिट्ट्या मोजत होते. तिसरी झाली, 'त्रे' कानात आलं, आणि हाताने तीन लिहिला, मग पाच. त्रेपन्नाचे पस्तीस झाले! गॅस बंद करून आले, पुढची आकडेमोड त्या पस्तीसवरच केली, उत्तर तुम्हाला वाचून दाखवलं आणि ताळा पाहिला. पाच नि तीन आठ, तीन नि पाच आठ. नवाच्या ताळ्याला काय कळणार? तुम्ही विचारलंत, "ताळा?" मी म्हटलं, "जमला." खण बंद झाला.

तुम्ही मला फार पूर्वी बजावलं होतं, "नवाचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, सुमन. अकराचाही करत जा." मी दोन-चार महिने केला. किचकट असतो तो, एक अंक मिळवा, एक वजा करा. मग सोडून दिला. तुम्ही 'ताळा?' एवढंच विचारायचात, कुठला ते कधी विचारलं नाहीत, आणि मी आपणहून सांगितलं नाही. किती वर्षं? मोजायची माझी हिंमत नाही.

एकशे चारावा खण बंद झाला. मी शिरा केला. पंधरा दिवसांत हॉस्पिटल. तुमच्या कॉटजवळ बसून दुपारभर मी स्वच्छ प्रत लिहायचे, आणि तिथे ते पस्तीस माझ्यासमोर आले. आधीच्या पानावर त्रेपन्न, पुढच्या पानावर पस्तीस, दोन्ही माझ्याच अक्षरात. दोन दुपारी बसून तो खण त्रेपन्न घेऊन पुन्हा केला. तुमचीच रीत, एकही पायरी न गाळता. खण बंद होईना. तिसऱ्यांदा केला. उघडाच!

त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "स्वच्छ प्रत झाली?"

"झाली."

"ताळा?"

"जमला."

खोटं नव्हतं बोलले. नवाचा जमलाच होता! पुण्यात जन्म काढल्यावर एवढं शब्दांतून निसटता येतं माणसाला. तुम्ही माझा हात चाचपलात आणि म्हणालात, "दमलीस ना, सुमन? सुटलीस आता." सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत हो, दमलीस ना म्हणून. सहा दिवसांनी तुम्ही गेलात.

लोकांना कळलं तर म्हणतील, बिचारीने नवऱ्याचं मन राखलं. तसं नाही. तुम्हाला तरी खरं सांगते. मी सांगितलं असतं तर तुम्ही उशीवरून मान उचलून म्हणाला असतात, "घे वही." तुम्ही मोडला नसतात, पुन्हा सुरुवात केली असतीत. मला पुन्हा सुरुवात नको होती. मी दमले होते. तुमच्या दयेपोटी नाही, माझ्या कंटाळ्यापोटी गप्प बसले. अकराच्या ताळ्याचा केला तोच कंटाळा.

हे वर्ष कसं गेलं सांगू? तुमच्या खुर्चीत बसून बाकीच्या एकशे तीन खणांचा अकराचा ताळा केला. रोज दोन पानं, कधी एकच. मान धरते, चष्म्याचा नंबर वाढलाय. दुसरी चूक सापडली नाही. म्हणजे चार वर्षांत माझा हात एकदाच चुकला, आणि तोही पुरला.

काल अश्विनीचा फोन आला. तुम्हाला आवडायची ती. खराडीच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटर बडवून शनिवारी स्कूटरवरून तुमच्याकडे गणित शिकायला येणारी यवतमाळची मुलगी. "काकू, परवा येते मी. पानांच्या फोटोंवरून बहुतेक सगळं टाइप करून राहिली मी, फक्त वह्या स्कॅन करायच्या न."

"'करून राहिली' म्हणजे करून झालं, की करायचं राहून गेलं?" असं तुम्ही तिला दर शनिवारी चिडवायचात. काल माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग वाटलं, विचारावं कोणाला? मला?

"आणि काकू, पेपरवर तुमचं पण नाव टाकते."

"माझं कशाला गं?"

"अहो, पूर्ण हँडरायटिंग तुमची आहे! आणि सरांनीच पहिल्या पानावर लिहायला लावलंय न, 'ताळा : सौ. सुमन'."

मी फोन ठेवला आणि पहिलं पान काढलं. खरंच की. तुम्ही सांगितलंत आणि मी लिहून टाकलं, इतर ओळींसारखीच एक ओळ. त्याखाली आता जगभरचे लोक विश्वासाने पुढे वाचणार! रात्रभर नाही, पण जेवताना, भांडी घासताना तेच डोक्यात. आणि मग ती सायकल आठवली.

तीसेक वर्षांपूर्वी तुम्ही एकदा जाहीर केलं होतं की सुटलं. कॉलेजात पेढे वाटून झाले. तिसऱ्या दिवशी तुम्हालाच चूक दिसली. तशीच सायकल काढलीत, भर दुपारी कॉलेजात गेलात आणि स्टाफरूममध्ये उभं राहून सगळ्यांना सांगून आलात. महिनाभर वहीला हात लावला नाहीत. वरणभात कालवायचा आणि ताटाकडे बघत बसायचं. मी घाबरून गेले होते. एका सकाळी तुम्हीच म्हणालात, "चूक आपल्याच घरात सापडली, सुमन. दुसऱ्याच्या घरी सापडली असती तर तोंड कुठे लपवलं असतं?" आणि चहा मागितलात.

ही चूकही आपल्याच घरात सापडली आहे. मी वर्षभर ती घरात कोंडून ठेवली, एवढाच फरक. त्याबद्दल मला माफ करा. नाही केलंत तरी चालेल, पण ऐकून घ्या.

तेव्हा वचन देते. उद्या अश्विनी आली की आधी चहा, आणि चहा संपायच्या आत एकाहत्तरावा खण तिच्यासमोर उघडा ठेवीन. लाल खूण आजच केली आहे. शेजारी लिहिलंय, 'चूक लिहिणारीची, सांगणाऱ्याची नाही.' रविवारी कार्यक्रमात हेच सांगायचं: एकशे तीन खण बंद, एक उघडा. तुमचा फोटो लागेल तो लागेलच. तो एक खण अश्विनीने बंद करावा, नाहीतर तिच्या पुढच्या कोणी. मला नाही जमायचं आता, खरंच दमले आहे. पण ताळा मी करीन. नवाचा आणि अकराचा, दोन्ही.

फक्त एका गोष्टीला रागवायचं नाही. उद्या तो आकडा अश्विनीला लिहून घ्यायला सांगेन तेव्हा मी म्हणणार आहे: चाळीस सात, पन्नास तीन, साठ एक.

तुमची,
ताळा पाहणारी
सुमन