मागच्या खोलीपर्यंत

४ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा तेच! मरिफेचा हात कपाळापर्यंत गेला आणि फोनच्या पडद्यावर तिथेच थिजला. ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं — चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. हात अडकला की शब्द अर्धाच.

वायफाय पुढच्या खोलीत. मधे दोन जाड भिंती. आणि मागच्या खोलीतल्या माझ्या नवऱ्याला, तेओला, पुढे आणता येत नाही. अर्धांगाच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. मुलीला बोलावून घ्या." मुलगी तैवानला, चष्म्यांच्या काचांच्या कारखान्यात. एप्रिलपर्यंत सुट्टी मिळत नाही म्हणते.

एप्रिल!

५ फेब्रुवारी
शेजारच्या सोलिंगताईनं तिच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानातला जुना राउटर आणून दिला. वर तारेचं भलंमोठं वेटोळं. "घे गं निता, धूळ खात पडलाय. भिंतीतून जात नाही ना? मग तारेनं ने मागपर्यंत."

६ फेब्रुवारी
सकाळभर स्टुलावर. तार स्वयंपाकघराच्या छताखालून मागे नेली. मरिफे एकेक पायरी लिहून पाठवत होती. आधी मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून जुनं सगळं पुसायचं. मग या दुसऱ्या राउटरला वेगळा पत्ता. "आणि फोनना पत्ते वाटायचं काम पहिलाच करेल, दुसऱ्याचं बंद कर. दोघं वाटायला लागले की भांडणं!"

सगळं केलं. तरी काही नाही. दोन तास गेले. शेवटी फोटो काढून पाठवला.

"आई!! निळ्या भोकात नाही, पिवळ्यात म्हटलं होतं ना!"

पिवळ्यात घातली. हिरवा दिवा लागला. तेओच्या उशीपाशी लेकीचा चेहरा — स्वच्छ, भुवईवरच्या तिळासकट. तेओनं मान फिरवली.

७ फेब्रुवारी
लिहूनच टाकते.

तेओ हातांची भाषा कधी शिकला नाही. जेवताना पाहुणे असले की पोरीला म्हणायचा, "हात खाली. लोक बघतात." ती माझ्याकडे बघायची आणि मी खुणेनं सांगायचे, "बाबा म्हणतात, अजून मासा घे." चोवीस वर्षं हेच. तो धोंडा टाकायचा, मी त्याची भाकर करून पोरीपुढे ठेवायचे.

चार वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "जाऊ दे. मुकी पोर, घरात असली काय, नसली काय."

मी हातांनी सांगितलं, "बाबा म्हणतात, जपून राहा. वाट बघतो."

८ फेब्रुवारी
मरिफेनं पहिली खूण शिकवली. डाव्या हातानं. पाणी. तेओनं केली नाही.

९ फेब्रुवारी
आज केली! पाणी. मी धावत पेला आणला, तर प्यायचं नव्हतंच त्याला.

११ फेब्रुवारी
दुखतंय. थंडी. उशी. नको. ("नको" लगेच जमलं!) पेज भरवताना चिडून हात आपटला, तर ती पडद्यावरून हसली. सावकाश म्हणाली, "हात वर ठेवा बाबा. इथे कोणी बघत नाही."

मी ते त्याला सांगितलं. शब्द न बदलता. तो रडला.

१३ फेब्रुवारी
आज त्यानं मला दाराकडे बोट दाखवलं. बाहेर जा!

स्वयंपाकघरात उभी राहिले. दाराच्या पडद्याच्या फटीतून त्याचं नुसतं कोपर दिसत होतं — हलतंय, थांबतंय, हलतंय. जन्मात पहिल्यांदा ती दोघं बोलत होती आणि मधे मी नव्हते. आनंद व्हायला हवा होता. भीतीच वाटली. तिनं दारातल्या त्या दिवसाबद्दल विचारलं तर? त्यानं खरं सांगितलं तर?

नंतर विचारलं, काय म्हणाले बाबा?

"आमचं आमच्यात."

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी अकराला तेओ गेला. मरिफे पडद्यावर होती. तिला वाटलं, चित्र अडकलं. सारखी विचारत राहिली — आई, सिग्नल गेला का? बाबा हलत का नाहीत?

मला सांगावं लागलं की सिग्नल चांगला आहे.

१८ फेब्रुवारी
शवपेटी पुढच्या खोलीत; पुरेपर्यंत रीतीप्रमाणे घरातच. शेजारणी जपमाळ घेऊन बसतात. मरिफेला सुट्टी मिळाली नाही. फोन शवपेटीशेजारी टेकवून ठेवलाय. ती कारखान्याच्या कपड्यांतच बघत बसते.

२२ फेब्रुवारी
काल पुरलं. आज राहवलं नाही. मरिफेला सगळं सांगून टाकलं — दारातलं, जेवतानाचं, चोवीस वर्षांचं खोटं.

तिनं फोन टेकवून दोन्ही हात मोकळे केले. मग म्हणाली, "आई, सात वर्षांची असल्यापासून मी ओठ वाचते. बाबांचा शब्द न् शब्द कळायचा मला. तो कळला की मी तुझ्या हातांकडे वळायचे."