सनाचे ओले हात

रविवार, संध्याकाळ

आज कुकरात मीठ तापवून पोरांसोबत नानकटाई केली. आमचा चिनू अन् खालच्या मजल्यावरची सना, दोघं खेळून तसेच आले. चिनूनं थेट मळलेल्या मैद्यात हात घातला, मी हसले. सनानं घातला तर तोंडातून निघालंच, "आधी हात धू गं!"

तिलाच का? का ते मला ठाऊक आहे. लिहवत नाही.

ती निमूट धुऊन आली. मग प्रत्येक गोळा वळण्याआधी धुवायला लागली. "बस झालं गं," म्हटलं, तरी. चिनूला मात्र शेवटपर्यंत काही बोलले नाही.

जाताना तिच्यापुढं नानकटाईची बशी धरली. तिनं घेतली नाही. आधी नळाखाली हात धरले, ओले तळवे मला दाखवले अन् विचारलं, "आंटी, आता घेऊ?"