प्रत्येक टीमचा एकच

बाबा,

काल मुलीने माझं म्हणणं वाद न घालता मान्य केलं आणि मला घाम फुटला. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल आणि म्हणेल, नशीबवान आहेस, आमची पोरं तर साधं गुड मॉर्निंग म्हटलं तरी भांडतात. तुम्ही हसणार नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही भीती कशाची आहे ते ओळखेल असं दुसरं माणूस मला सुचत नाही. आणि 'सुचत नाही' हे शब्दसुद्धा हल्ली मी जरा जपूनच वापरतो.

खडकीच्या मैदानावर हॉकीची मॅच बघून झाली की तुम्ही चौघं मित्र बाहेरच्या चहाच्या हॉटेलात बसायचात आणि मी तुमच्या शेजारी, क्रीमरोल खात. त्या दिवशीच्या मॅचबद्दल कुणी फारसं बोलत नसे. विषय कायम ठरलेला. नोकरी देऊन खेळाडू पोसणाऱ्या ज्या टीम्स होत्या, रेल्वे, पोलीस, कस्टम्स, लष्कराच्या पलटणी, त्यातल्या प्रत्येकीच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा खेळाडू कोण? टीम एक, खेळाडू एक. दोन नावं घेणारा पळपुटा. ज्याला आपल्या डोळ्यांनी खेळताना पाहिलं नाही त्याचं नाव काढायचं नाही, हा तुमचा नियम, आणि ज्याचं म्हणणं पडलं त्याने चहा सांगायचा, हा बाकीच्यांचा. बँकेत दिवसभर खालच्या आवाजात बोलणारे तुम्ही तिथे टेबलावर चमचा आपटून ओरडायचात. घरी आल्यावर आई विचारायची, "अहो, घसा कशाने बसला?" आणि तुम्ही शर्ट काढता काढता सांगायचात, "रेल्वेच्या सेंटर हाफमुळे."

मग तो रविवार. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही पोलिसांची बाजू मांडताय, चांगले रंगात आला आहात, आणि पोलिसांचा सर्वांत मोठा खेळाडू म्हणून तुम्ही त्याच सेंटर हाफचं नाव घेता. रेल्वेच्या. ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं घसा बसवून घेतलात त्याचं. आधी सगळे हसतात. तुमच्याच बँकेतले काका म्हणतात, "अरे, बदली करून टाकलीस की काय त्याची?" तुम्ही हसत नाही. तुम्ही चिडता. त्याला पोलिसांच्या जर्सीत पाहिल्याचं शपथेवर सांगता, कुठल्या कोपऱ्यातून त्याने पास काढला तेही सांगता. काका कप खाली ठेवतात आणि तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघतात.

खरं सांगू, मला त्या दिवशी भीती वाटली नाही. भांडत होता तोवर तुम्ही तुम्हीच होता. भीती वाटली ती काही महिन्यांनी, जेव्हा तुम्ही काहीही म्हणालात तरी ते तिघं "बरोबर आहे तुझं" म्हणायला लागले. चांगली माणसं ती. प्रेमानेच म्हणायची. कस्टम्सचा गोलकीपर पलटणीत घाला, पलटणीचा फुल बॅक रेल्वेत घाला, सगळं बरोबर. चमचा आपटायचं कारणच उरलं नाही. एकदा स्कूटरवर माझ्यामागे बसून घरी येताना तुम्ही म्हणालात, "आज मजा नाही आली." एवढंच. घराचा रस्ता चुकणं, आईला ताई म्हणून हाक मारणं, हे सगळं नंतरचं. मला विचाराल तर तुम्ही गेलात ते त्या टेबलावरूनच.

तुम्ही तेव्हा ज्या वयाचे होता त्या वयाचा मी या हिवाळ्यात झालो. इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये, हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. मुलगी शाळेत असताना तिच्या नादाने जायला लागलो. आता ती युनिव्हर्सिटीत आहे, तरी घरच्या मॅचला आम्ही दोघं उभ्याच्या तिकिटावर जातो. तुमचा खेळ मी तिला शिकवला. टीम एक, खेळाडू एक. ती तर तुमच्यापेक्षा खाष्ट निघाली. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये माझं म्हणणं खोडून काढते, आणि आमच्या पुढची आजोबा मंडळी मागे वळून तिच्या बाजूने मान डोलावतात. इथे मोठ्या खेळाडूचा नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत, त्याची जर्सी छताला टांगून ठेवतात. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, कपडे वाळत घातलेत की काय. मीही पहिल्यांदा हेच म्हणालो आणि मग तुमची फार आठवण आली.

शरद ऋतूत एकदा मी ऱ्हाइनकाठच्या टीमचा गोलकीपर बर्लिनच्या टीमला देऊन टाकला. "नाइन, बाबा, देअर हाट दा नी गेश्पील्ट," ती ओरडली, तिथे तो कधी खेळलाच नाही म्हणे. खूप हसली, माझ्याकडून फ्राइज वसूल केल्या. मीही हसलो, पण माझे पाय गार पडले होते, आणि ते काही बर्फामुळे नाही. दुसऱ्याच आठवड्यात हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. आधी तो म्हणाला, झोप नीट घ्या, काम कमी करा. मग तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा त्याने लिहिणं थांबवलं आणि मला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायचं ठरवलं. इथला टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळता मिळता माणूस बरा तरी होतो नाहीतर विसरून तरी जातो. माझा या मंगळवारी आहे. बायकोला सांगितलंय, दात दाखवायला चाललोय. ती म्हणाली, "अरे, आत्ताच तर दाखवून आलास ना?" मी खरंच दाखवून आलो होतो की नाही, ते मला पटकन सांगता आलं नाही.

आणि काल. मधल्या सुट्टीत आम्ही सॉसेजच्या रांगेत उभे. मी न्यूर्नबर्गच्या टीमसाठी एका डिफेन्सवाल्याचं नाव घेतलं आणि तिच्या तुटून पडण्याची वाट बघत राहिलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझा मफलर नीट केला. "गेनाऊ, बाबा," ती म्हणाली, आणि जी मुलगी मराठीत एक वाक्य बोलायला दहा सबबी सांगते तिने मराठीत म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

बाबा, कदाचित माझं बरोबरच असेल. फोन खिशात होता, बघायला मिनिटही लागलं नसतं. मी बघितलं नाही. उरलेली मॅच झाली, आम्ही जिंकलो की हरलो हे मला आजूबाजूच्या आवाजावरून कळलं. परतताना बसमध्ये तिने माझा हात धरला. शाळेत असल्यापासून धरला नव्हता. मी विचारलं, "वाद का नाही घातलास?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बिन म्यूडे, बाबा." दमलेय. तिच्या हाताला घाम आला होता. मला तिला सांगायचं होतं, भांड माझ्याशी, वाटेल ते बोल, मूर्ख म्हण, पण मला अशी सांभाळू नकोस. पण तसं म्हटलं असतं तर आम्हा दोघांनाही माहीत आहे हे उघड झालं असतं.

तुम्हालाही माहीत होतं, हे मला काल बसमध्ये कळलं. मजा नाही आली म्हणालात तेव्हा तुम्हाला सगळं कळत होतं आणि माझ्या पाठीमागे बसून तुम्ही ते एकट्याने सोसत होतात. मंगळवारी डॉक्टर वार विचारेल, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावेल. मी परीक्षा असल्यासारखी तयारी करतोय, आंघोळ करताना वार घोकतो. विसरण्याची भीती वाटतेच. पण त्याहून जास्त वाटते ती माझ्याशी सगळे गोड वागायला लागतील त्याची.

इतक्या टीम्स आल्या, इतके खेळाडू आले, पण या पत्रात मी एकाचंही नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला वाटेल, वाद नको म्हणून. तसं नाही. तुमच्या सेंटर हाफचं नाव मला येतं, निदान येतं असं वाटतं. पण चुकलं तर ते चूक आहे म्हणून सांगायला तुम्ही नाही आणि ती सांगणार नाही. म्हणून लिहायला धीर झाला नाही.